स्ट्रिंग सिद्धान्ताविषयीचा दावा कसा पारखावा

स्ट्रिंग सिद्धान्त खरा ठरला की खोटा, हा प्रश्न ज्या स्वरूपात विचारला जातो त्या स्वरूपात त्याला उत्तर देता येत नाही, कारण या एका नावाखाली किमान चार वेगळ्या गोष्टी वावरतात आणि त्या प्रत्येकीची आजची वैज्ञानिक पत निराळी आहे. म्हणूनच एकाच आठवड्यात ‘स्ट्रिंग सिद्धान्त संपला’ आणि ‘स्ट्रिंग सिद्धान्ताला पुष्टी मिळाली’ असे दोन मथळे वाचायला मिळाले, तर त्यांपैकी एक लेखक खोटे बोलत आहे असे समजण्याचे कारण नाही. बहुधा दोघे दोन वेगळ्या वस्तूंविषयी बोलत असतात. गणित न सोडवता, पण शब्दांकडे नीट लक्ष देऊन, असा दावा स्वतः कसा तपासावा याची पद्धत येथे मांडली आहे.

दाव्यातला ‘स्ट्रिंग सिद्धान्त’ कोणता, हे आधी ठरवा

पहिला अर्थ थेट निसर्गाविषयीचा आहे: इलेक्ट्रॉन, क्वार्क, फोटॉन हे बिंदुवत कण नसून अतिसूक्ष्म तंतूंच्या कंपनाचे निरनिराळे प्रकार आहेत आणि आपले विश्व हे या सिद्धान्ताच्या समीकरणांचे एक उत्तर आहे. या विधानाला आज कोणताही प्रायोगिक आधार नाही. दुसरा अर्थ असा की, व्यापक सापेक्षता आणि क्वांटम यामिकी यांना परस्परविरोध न येता एकत्र नांदवणारी ही एक गणिती चौकट आहे. या अर्थाने सिद्धान्ताची बाजू बरीच भक्कम आहे, मात्र ती चौकट संपूर्णपणे कशी लिहावी हे अद्याप कोणालाही साधलेले नाही. तिसरा अर्थ साधनपेटीचा, म्हणजे तंतूंच्या अभ्यासातून निघालेल्या युक्त्या वापरून भौतिकशास्त्रातले इतर प्रश्न सोडवण्याचा. चौथा अर्थ शुद्ध गणिताचा. वाचताना प्रत्येक विधानाच्या समासात एक ते चार यांपैकी एक आकडा लिहिण्याची सवय लावून घेतली, तर निम्मा गोंधळ तेथेच मिटतो. एका परिच्छेदात चारचा पुरावा देऊन पुढच्या परिच्छेदात एकचा निष्कर्ष काढलेला किती वेळा आढळतो, हे पाहून नवल वाटेल.

हा गोंधळ सिद्धान्ताच्या जन्मापासूनचा आहे. १९६८ मध्ये गाब्रिएले व्हेनेत्सियानो यांनी प्रबळ बलाने (अणुकेंद्रक एकत्र बांधून ठेवणाऱ्या बलाने) होणाऱ्या कणांच्या टकरींचे वर्णन करणारे एक सूत्र मांडले, आणि ते सूत्र बिंदूंचे नव्हे तर कंप पावणाऱ्या तंतूंचे आहे हे नांबू, नील्सन आणि ससकिंड यांनी पुढच्या दोनएक वर्षांत ओळखले. प्रबळ बलाचा सिद्धान्त म्हणून तो टिकला नाही. १९७३ नंतर ती जागा क्वार्कांमधील प्रबळ बलाचे वर्णन करणाऱ्या क्वांटम क्रोमोडायनॅमिक्सने घेतली. मात्र त्या अपयशी सूत्रांत एक नको असलेला वस्तुमानहीन, स्पिन (कणाचा स्वाभाविक कोनीय संवेग) २ असलेला कण सतत डोकावत होता. १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्त्स यांनी, तसेच स्वतंत्रपणे योनेया यांनी, हा कण म्हणजेच ग्रॅव्हिटॉन, गुरुत्वाकर्षणाचा वाहक कण, असल्याचे दाखवले आणि अडचण वाटणारी गोष्ट सिद्धान्ताचे मुख्य आकर्षण बनली. समर्थक ही कथा दूरदृष्टीचे उदाहरण म्हणून सांगतात, तर टीकाकार उद्दिष्ट बदलल्याचे उदाहरण म्हणून. माझ्या मते दोन्ही वाचने रास्त आहेत. कोणता लेखक कोणते वाचन निवडतो त्यावरून त्याचा कल मात्र लगेच कळतो.

प्रयोगाचा उल्लेख आला की ऊर्जा विचारा

दाव्यात ‘प्रयोग’, ‘निरीक्षण’ किंवा ‘पुरावा’ हा शब्द आला की पहिला प्रश्न मोजमापाच्या पट्टीचा असावा. तंतूंची स्वाभाविक लांबी सर्वसाधारणपणे प्लांक लांबीच्या आसपास मानली जाते. ती मीटरमध्ये लिहायची तर दशांशचिन्हानंतर ३४ शून्ये देऊन मग १६ लिहावे लागतात. या लांबीला जुळणारी ऊर्जा, म्हणजे प्लांक ऊर्जा, सुमारे १२ वर १८ शून्ये इतके गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, तर २०२२ पासून लार्ज हॅड्रॉन कोलायडर या सर्वांत मोठ्या कणवेगवर्धकात होणाऱ्या टकरींची ऊर्जा १३,६०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. म्हणजे हे अंतर जवळपास एकावर पंधरा शून्ये इतक्या पटींचे आहे. त्यामुळे ‘पुढचा मोठा वेगवर्धक तंतू दाखवील’ असे वाक्य दिसले, तर लेखकाने विशेष गृहीतक धरले आहे का ते पाहावे. सिद्धान्ताला लागणाऱ्या, आपल्याला न दिसणाऱ्या अतिरिक्त मिती पुरेशा मोठ्या असल्या तर ही ऊर्जा बरीच खाली येऊ शकते, हे खरे. पण ते सिद्धान्ताचे भाकीत नाही, त्याच्या एका विशिष्ट आवृत्तीचे गृहीतक आहे.

दुसरा प्रश्न यापेक्षा मोलाचा आहे. एखादी गोष्ट सापडली नाही, तर सिद्धान्ताचे नेमके काय बिघडेल? हा प्रश्न अतिसममितीला लावून पाहावा. दहा मितींमधील सुसंगत सुपरस्ट्रिंग सिद्धान्तांच्या रचनेत अतिसममिती, म्हणजे प्रत्येक ज्ञात कणाला वेगळ्या स्पिनचा एक जोडीदार असणे, मुळातच विणलेली आहे. परंतु ही सममिती कोणत्या ऊर्जेला मोडते, हे सिद्धान्त सांगत नाही. २०१२ मध्ये सुमारे १२५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाचा हिग्ज बोसॉन मिळाला, पण जोडीदार कण आजवर एकही मिळालेला नाही. तेव्हा ‘कोलायडरने स्ट्रिंग सिद्धान्त खोडून काढला’ हे विधान तर्काला धरून नाही. त्याच वेळी ‘कोलायडरचा आणि स्ट्रिंग सिद्धान्ताचा मुळीच संबंध नव्हता’ असे आज कोणी म्हणत असेल, तर त्यालाही सोयीस्कर विसर पडला आहे असे म्हणावे लागेल, कारण तेथे अतिसममिती सापडेल आणि तंतूंच्या कल्पनेला अप्रत्यक्ष बळ मिळेल, ही आशा यंत्र सुरू होण्यापूर्वी अनेक जाणकारांनी उघडपणे बोलून दाखवली होती. खंडन झाले नाही, पण विश्वास घटला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही नोंदवायला हव्यात.

लहान अंतरांवरील गुरुत्वाकर्षणाचे प्रयोग कमी गाजतात, पण अधिक थेट आहेत. पीळ-तराजूच्या साहाय्याने व्यस्त वर्गाचा नियम सुमारे ५२ मायक्रोमीटर अंतरापर्यंत तपासून पाहिला गेला आहे आणि तो तेथवर टिकला आहे. २०२२ मध्ये मोंतेरो, वाफा आणि व्हालेन्सुएला यांनी एक अतिरिक्त मिती मायक्रोमीटरच्या आकाराची असावी असा प्रस्ताव मांडला. तो चूक असेल तर अशाच प्रयोगांतून तसे दिसू शकेल. अशा प्रस्तावांना वाचकाने झुकते माप द्यायला हरकत नाही, मात्र ते पडले तर तो एक प्रस्ताव पडेल, सबंध चौकट नाही, हेही ध्यानात ठेवावे.

प्रमेय, गणना आणि अटकळ यांत भेद करा

येथे वाचकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण सिद्धान्ताची खरी कमाई आणि तिच्याभोवतीची अतिशयोक्ती या दोन्ही गोष्टी याच जागी एकमेकींत मिसळलेल्या आढळतात.

कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, हे बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांच्या १९७० च्या दशकातील कामातून कळले. प्लांक एककांत ती क्षेत्रफळाच्या बरोबर एक चतुर्थांश भरते. एन्ट्रॉपी म्हणजे सूक्ष्म अवस्थांची मोजदाद, पण कृष्णविवराच्या बाबतीत मोजायचे काय, हे कोणालाच सांगता येत नव्हते. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी एका प्रकारच्या कृष्णविवरासाठी तंतू (म्हणजेच स्ट्रिंग) सिद्धान्तातील अवस्था प्रत्यक्ष मोजल्या आणि उत्तर त्या चतुर्थांशासह जुळले. ही गणना हाताने जुळवून आणलेली नव्हती, म्हणूनच तिचे महत्त्व मोठे आहे. तरीही बारीक अक्षरांतला मजकूर वाचावा: ते कृष्णविवर पाच मितींच्या अवकाशकाळातील, विद्युतभाराने काठोकाठ भरलेले आणि अतिसममिती पाळणारे होते. आकाशात दिसणाऱ्या, भाररहित कृष्णविवरांसाठी त्याच तोडीची नेमकी मोजदाद आजही झालेली नाही. तेव्हा ‘स्ट्रिंग सिद्धान्ताने कृष्णविवरांची एन्ट्रॉपी समजावली’ या वाक्यात ‘विशिष्ट आदर्श’ हे दोन शब्द आपण स्वतःच घालून घ्यावेत.

१९९७ मध्ये हुआन माल्दासेना यांनी मांडलेल्या द्वैताचेही असेच आहे. ऋण वैश्विक स्थिरांक (रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेचे माप) असलेल्या, म्हणजे अँटी-डी सिटर प्रकारच्या, अवकाशातील गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त आणि त्या अवकाशाच्या सीमेवरील गुरुत्वाकर्षणविरहित क्वांटम सिद्धान्त हे एकाच गोष्टीचे दोन पाठ आहेत, असे हे द्वैत सांगते. त्याची काटेकोर सिद्धता नाही. परंतु गेल्या पाव शतकाहून अधिक काळात त्याच्या इतक्या निरनिराळ्या तपासण्या यशस्वी झाल्या आहेत की क्षेत्रात काम करणाऱ्यांपैकी फारच थोडे त्याविषयी शंका घेतात. अडचण दुसरीकडे आहे. १९९८ मधील सुपरनोव्हांच्या निरीक्षणांतून विश्वाचा विस्तार वेग घेत असल्याचे दिसले, त्यावरून आपल्या विश्वाचा वैश्विक स्थिरांक, जर तो स्थिरांक असेल तर, धन चिन्हाचा असायला हवा. म्हणजे आपल्याला सर्वांत नीट समजलेले क्वांटम गुरुत्वाकर्षण हे आपल्या विश्वासारखे नसलेल्या विश्वातले आहे. कोणताही निष्कर्ष वाचताना वैश्विक स्थिरांकाचे चिन्ह शोधण्याची सवय यासाठीच लावावी. ते सापडले नाही तर बहुधा ते ऋण असते.

साधन म्हणून हे द्वैत कामाला आले, हे मात्र निर्विवाद आहे. जड अणुकेंद्रकांच्या टकरींतून निर्माण होणारा क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा जवळपास आदर्श द्रवासारखा वाहतो. त्याच्या श्यानतेचे (वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाचे) एन्ट्रॉपी घनतेशी असलेले गुणोत्तर नैसर्गिक एककांत एक भागिले चार पाय या संख्येच्या जवळपास आढळते, आणि हीच संख्या कोव्हतुन, सोन आणि स्टारिनेट्स यांनी द्वैताच्या आधारे २००५ मध्ये पुढे आणली होती. समासात येथे तीनचा आकडा लिहावा, एकचा नव्हे. ज्या सिद्धान्तासाठी ती गणना झाली तो क्वांटम क्रोमोडायनॅमिक्सचा दूरचा नातलग आहे, खुद्द क्रोमोडायनॅमिक्स नव्हे, आणि या जुळण्यातून इलेक्ट्रॉन तंतूचा बनलेला असल्याचे काहीही सिद्ध होत नाही.

चौथ्या अर्थाचे उदाहरण मला स्वतःला सर्वांत रम्य वाटते, म्हणून ते थोडे विस्ताराने देतो. पाचव्या घाताच्या एका समीकरणाने ठरणाऱ्या त्रिमितीय कालाबी-याऊ आकारावर (अतिरिक्त मिती गुंडाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आकारांपैकी एकावर) किती सरळ रेषा बसतात, हा प्रश्न गणितज्ञांना जुना होता आणि उत्तर २,८७५ हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होते. द्विघाती वक्रांची संख्या ६,०९,२५० ही बऱ्याच नंतर मिळाली. त्रिघाती वक्रांसाठी एलिंग्सरुड आणि स्ट्रोम या दोन गणितज्ञांनी संगणकाच्या मदतीने २,६८,२५,४९,४२५ अशी संख्या काढली. १९९१ च्या सुमारास कांडेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतू सिद्धान्तातून आलेली आरसा-सममिती, म्हणजे दोन वेगळ्या आकारांतून एकच भौतिकी मिळण्याचा गुणधर्म, वापरून याच प्रश्नाचे उत्तर ३१,७२,०६,३७५ असे सांगितले, आणि तेवढ्यावर न थांबता सर्व घातांच्या वक्रांसाठी एकच सूत्र दिले. दोन्ही बाजूंची उत्तरे जुळेनात. पुढे गणितज्ञांना आपल्या संगणकीय आज्ञावलीत चूक सापडली, ती दुरुस्त केल्यावर भौतिकशास्त्रज्ञांचीच संख्या आली, आणि काही वर्षांत त्या सूत्राची काटेकोर सिद्धताही गिवेंताल यांनी, तसेच लियान, लिऊ आणि याऊ यांनी दिली. ही कथा सांगून कोणी ‘म्हणून निसर्गात तंतू आहेत’ असे म्हणाले, तर ती उडी आपण मारू नये. ‘म्हणून ही रचना पोकळ नाही’ एवढेच म्हणणे मात्र अगदी योग्य आहे.

शक्यतांच्या संख्येला घाबरू नका, पण ती विसरूही नका

एकावर पाचशे शून्ये ही संख्या या वादात वारंवार भेटते. दहा मितींपैकी सहा मिती गुंडाळण्याच्या आणि त्यांतून विद्युत-चुंबकीय क्षेत्रांसारख्या क्षेत्रांचे प्रवाह भरण्याच्या निरनिराळ्या रीती मोजल्या की अशा प्रचंड संख्येच्या संभाव्य विश्वांचा अंदाज निघतो. नंतरच्या काही मोजणींत ती याहून कितीतरी मोठी निघाली आहे. ‘एवढ्या शक्यता असतील तर काहीही बसवता येईल’ हा आक्षेप गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेणाऱ्या लेखकावर विश्वास ठेवू नये. याला दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. काही जण मानवकेंद्री तर्काचा आधार घेतात, म्हणजे ज्या विश्वात निरीक्षक निर्माण होऊ शकतात तेच निरीक्षकांना दिसते असे म्हणतात. हे उत्तर तर्कदृष्ट्या चूक नसले तरी त्यातून नवे भाकीत क्वचितच निघते. दुसरे उत्तर वाफा यांनी २००५ पासून मांडलेल्या ‘स्वॅम्पलँड’ म्हणजे दलदलीच्या कार्यक्रमाचे आहे: वरवर पाहता सुसंगत दिसणारे बहुसंख्य सिद्धान्त गुरुत्वाकर्षणाशी जोडता येतच नाहीत, आणि कोणते येत नाहीत हे सांगणारे निकष शोधावेत.

२०१८ मध्ये वाफा आणि सहकाऱ्यांनी याच कार्यक्रमातून अशी अटकळ मांडली की स्थिर, धन वैश्विक स्थिरांक असलेले विश्व तंतू सिद्धान्तात मिळतच नसावे. उलट २००३ मध्ये काचरू, कॅलॉश, लिंडे आणि त्रिवेदी यांनी असे विश्व रचण्याची कृती दिली होती, आणि ती कृती शेवटपर्यंत टिकते का यावर क्षेत्रात मतभेद आहेत. म्हणजे आपल्या विश्वाच्या सर्वांत ढोबळ वैशिष्ट्याबाबतही सिद्धान्ताचे म्हणणे काय, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. सिद्धान्ताच्या सद्यःस्थितीचा एकच तपशील लक्षात ठेवायचा असेल, तर मी हाच सुचवीन. या पार्श्वभूमीवर २०२४ आणि २०२५ मध्ये डेसी या दीर्घिका-सर्वेक्षणाच्या माहितीतून डार्क एनर्जी, म्हणजे विश्वाच्या विस्ताराला वेग देणारी ऊर्जा, काळानुसार क्षीण होत असल्याची चाहूल लागल्याचे जाहीर झाले, तेव्हा ‘तंतू सिद्धान्ताला दुजोरा’ असे मथळे येणे अपेक्षितच होते. २०२५ च्या विश्लेषणात, सुपरनोव्हांचा कोणता संच वापरला त्यानुसार, या चाहुलीची सांख्यिकीय ताकद २.८ ते ४.२ सिग्मा भरली (सिग्मा जितका जास्त, तितकी ती निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी). शोध म्हणून मान्यता देण्याचा रूढ निकष ५ सिग्मा आहे. आणि तो निकष पार झाला तरी डार्क एनर्जी बदलते एवढेच ठरेल, कारण ती बदलण्याची भाकिते करणारी पण तंतूंशी संबंध नसलेली प्रतिरूपे कितीतरी आहेत.

नावे, पारितोषिके आणि बातम्या

लेखात नोबेल विजेत्याचे नाव आले की पारितोषिक कशासाठी मिळाले ते पाहावे. डेव्हिड ग्रॉस यांना २००४ मध्ये ते प्रबळ बलाच्या अभ्यासासाठी मिळाले, नांबू यांना २००८ मध्ये सममितीच्या उत्स्फूर्त भंगासाठी. दोघांचाही तंतू सिद्धान्ताशी घनिष्ठ संबंध असला तरी तंतू सिद्धान्तासाठी आजवर एकही नोबेल दिले गेलेले नाही. एडवर्ड विटन यांचे १९९० चे फील्ड्स पदक गणिताचे आहे. अशोक सेन यांच्यासह अनेक तंतूशास्त्रज्ञांना २०१२ मध्ये मूलभूत भौतिकीचे जे पारितोषिक मिळाले, त्यासाठी प्रायोगिक पडताळणीची अट नव्हती. व्यक्तीची बुद्धिमत्ता आणि सिद्धान्ताची पडताळणी ही दोन निराळी खाती आहेत.

प्रतिस्पर्ध्यांच्या बाबतीतही हेच पथ्य पाळावे. लूप क्वांटम गुरुत्वाकर्षण किंवा अनंतलक्षी सुरक्षितता यांसारख्या पर्यायांनाही प्रयोगाने उचलून धरलेले नाही, त्यामुळे ‘पुरावा नाही’ हा आक्षेप एकट्या तंतू सिद्धान्तावर ठेवणे अन्यायाचे होईल. ‘दुसरा पर्यायच नाही’ हा बचावही तितकाच लंगडा आहे.

बातमी वाचताना मूळ शोधनिबंधाचा गोषवारा उघडावा. या विषयाचे बहुतेक निबंध अर्काइव्ह या खुल्या संग्रहावर विनामूल्य मिळतात. गोषवाऱ्यात मितींची संख्या किती, अतिसममिती गृहीत धरली आहे का, वैश्विक स्थिरांकाचे चिन्ह कोणते आणि क्रियापद ‘सिद्ध करतो’ आहे की ‘सुचवतो’, एवढे शोधायला पाच मिनिटे पुरतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये क्वांटम संगणकावर ‘कृमिविवर’, म्हणजे अवकाशकाळातील दोन जागा जोडणारा बोगदा, ‘तयार केले’ अशी बातमी जगभर गाजली. प्रत्यक्षात नऊ क्युबिटांवर (क्वांटम संगणकाच्या मूळ एककांवर) एका अत्यंत सोप्या केलेल्या प्रतिरूपाची गणना चालवली गेली होती, आणि त्या गणनेला कृमिविवराचे वर्णन म्हणावे की नाही यावरही पुढे आक्षेप घेतले गेले.

सरावासाठी एक वाक्य पूर्ण सोडवून पाहू: ‘स्ट्रिंग सिद्धान्ताने कृष्णविवरातील माहितीचा पेच सोडवला.’ कृष्णविवरात पडलेल्या वस्तूंची माहिती ते विरून गेल्यावर कायमची नष्ट होते का, हा पेच हॉकिंग यांनी १९७६ मध्ये मांडला. कृष्णविवर विरून जाताना बाहेर पडणाऱ्या किरणांच्या एन्ट्रॉपीचा आलेख आधी चढून मग उतरला पाहिजे, हे डॉन पेज यांनी १९९३ मध्ये दाखवले, आणि तो उतार गणनेतून मिळवणारे दोन निबंध २०१९ मध्ये आले. त्यांची प्रेरणा माल्दासेना यांच्या द्वैतातून आली असली तरी गणनेत प्रत्यक्ष तंतू वापरावे लागले नाहीत. नंतरची बरीच स्पष्टीकरणे तर दोन मितींच्या खेळण्यातल्या प्रतिरूपांत झाली, आणि माहिती नेमक्या कोणत्या वाटेने बाहेर येते हा प्रश्न अजून खुला आहे. म्हणून समासात तीन लिहावे आणि वाक्य असे दुरुस्त करावे: ‘तंतू सिद्धान्ताच्या अभ्यासातून आलेल्या कल्पनांच्या मदतीने, काही सोप्या प्रतिरूपांत, कृष्णविवराच्या किरणांची एन्ट्रॉपी माहिती टिकल्यास जशी बदलायला हवी तशीच बदलते, असे २०१९ पासून गणनेने दाखवता येते.’